फोनच्या टेकडीकडे

सोनुनला पळता येतं, पोचता येत नाही, असं तिचा नवरा कुबात चारचौघांत सांगायचा, आणि त्यात खोटं काही नव्हतं. नारिन गावच्या शाळेत ती मुलांना खेळ शिकवते. वय चौतीस, अंगकाठी शिडशिडीत, पायात कायम बूट. रोज सकाळी नदीच्या कडेनं दहा किलोमीटर पळून आल्याशिवाय ती चहाच्या किटलीला हात लावत नाही. नारिनमध्ये चुकायची सोयच नाही म्हणून बरं: एक नदी, तिच्या कडेनं एक रस्ता, आणि दोन्ही अंगांना डोंगर. पण गाव बदललं की बाईसाहेब हरवल्याच म्हणून समजा.

राजधानीत, बिश्केकला शिकायला गेली तेव्हा पहिल्याच आठवड्यात हरवली. तिकडच्या इमारती सगळ्या एका साच्यातल्या. ही पळत आली, तिसरा मजला चढली, कुलपात किल्ली घातली आणि किल्ली फिरेना म्हणून दारावर लाथा घालायला लागली. आतून एका रशियन म्हाताऱ्यानं हातात कुऱ्हाड घेऊन दार उघडलं. पुढे मॉस्कोत एका भोजनालयात भांडी घासायला गेली, तिथेही पळणं काही सुटलं नाही. एका हिवाळ्यात शहराच्या कडेच्या जंगलात दोन तास फिरत राहिली. बर्फात स्वतःच्याच पावलांचे ठसे तिसऱ्यांदा दिसले तेव्हा तिला रडू फुटलं. शेवटी ट्रकमधून विटा उतरवणारा एक माणूस भेटला. तिनं मोडक्यातोडक्या रशियनमध्ये रस्ता विचारला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि किर्गिझमध्ये म्हणाला, "कुठल्या गावची गं तू? आणि पळतेस कशाला, मागे कोण लागलंय?" तो कुबात. तिला तिच्या खोलीपर्यंत सोडायला आला आणि पुढे दर रविवारी येत राहिला.

लोक हे किस्से ऐकून हसतात. हसू दे. जो कधी चुकला नाही त्यालाच त्यात गंमत वाटते. सोनुनला विचाराल तर ती सांगेल की चुकलेलं आधी पोटाला कळतं. पाय अजून पळत असतात, श्वास ताल धरून चाललेला असतो, आणि पोटात अचानक काहीतरी गार सांडतं. मग आजूबाजूला बघावं तर एकही दगड ओळख द्यायला तयार नसतो. तिनं हे इतक्या वेळा अनुभवलं होतं, पण सवय म्हणून काही झाली नव्हती.

गेल्या उन्हाळ्यात ती सासूच्या हाताखाली वर कुरणात राहायला गेली. एरवी धाकटा दीर मेदेर आणि त्याची बायको घोडे घेऊन वर असतात. यंदा त्याची बायको पहिल्या बाळंतपणासाठी खाली गेलेली आणि सासूच्या, म्हणजे बात्माच्या गुडघ्यांनी संप पुकारलेला. घोड्यांचा कळप सांभाळायला मेदेर एकटा, आणि दुभत्या घोड्यांचं दूध दर दोन तासांनी काढावं लागतं. शाळेला सुट्टी होती. "शहरातली सूनबाई येऊन काय करणार? शिट्टी वाजवून घोड्यांना कवायत शिकवणार?" असं बात्मा म्हणाली खरी, पण सोनुन आली त्या दिवशी सायीचा सगळ्यात जाड थर तिनं तिच्याच पुढ्यात ठेवला.

सोनुन एकटी घोड्यावर बसत नाही. लहानपणी एकदा पडली ती पडलीच. रिकिबीत पाय ठेवला की अजून तिच्या मांड्या थरथरतात. किर्गिझ बाई आणि घोड्याला भिते, ही गोष्ट बात्मानं शेजारच्या सागिनच्या घरापासून तीन आठवडे लपवून ठेवली होती.

पळण्याचं मात्र लपवता आलं नाही. पहिल्याच सकाळी सोनुन ओढ्यापर्यंत जाऊन पळत परत आली, तर दारात उभ्या असलेल्या बात्माच्या हातून दुधाची बादली खाली पडली. म्हातारी पांढरीफटक झाली होती.

"आपा, काय झालं?" सासूला घरातले सगळे आपा म्हणतात.

"काय झालं म्हणून मलाच विचारतेस? अगं, घरावर असं धावून कोण येतं, ठाऊक नाही तुला? शाळेत शिकवतेस ना?"

ठाऊक होतं. आमच्याकडे कुणाच्या दारावर धावत किंवा घोडा फेकत कोणी येत नाही. लांबूनच वेग कमी करायचा, घराच्या मागच्या अंगानं यायचं, खोकायचं, घोड्यावरून उतरायचं. दारापर्यंत धावत येतो तो मरणाचीच खबर घेऊन येतो. सोनुनला हे आजीनं शिकवलं होतं, पण शहराच्या रस्त्यांवर वीस वर्षं पळून तिच्या पायांना त्याचा विसर पडला होता.

"तिकडे डोंगरात वाट्टेल तेवढी धाव," बात्मा म्हणाली, "पण घर दिसलं की चालायचं. माझा एक मुलगा परदेशात, एक डोंगरात असतो. माझ्या जिवाशी खेळू नकोस."

सोनुननं मान्य केलं आणि पाळलंही.

कुरणात फोन लागत नाही. लागतो तो एकाच जागी, सात किलोमीटरवरच्या एका बोडक्या टेकडीवर, म्हणून तिला सगळे फोनची टेकडी म्हणतात. कुबात मॉस्कोत परांचीवर चढून गिलावा करतो. दर शुक्रवारी सकाळी दहाला तो फोन करायचा. सोनुन मेदेरच्या घोड्यावर त्याच्या मागे डोळे मिटून बसायची आणि टेकडी गाठायची. पण जुलैच्या पहिल्या शुक्रवारी फोन वाजला नाही. हिनं केला तर बंद. दुसऱ्या शुक्रवारीही तेच. परांच्या कशा कोसळतात आणि माणसांचं मग काय होतं, हे कुरणातल्या प्रत्येक घराला माहीत आहे. दरवर्षी कोणी ना कोणी विमानाच्या पोटातून, पेटीत बंद होऊन परत येतो. घरात हा विषय कोणी काढत नव्हतं. बात्मा ताक घुसळताना मध्येच थांबायची आणि पुन्हा सुरू करायची, एवढंच.

तिसरा शुक्रवार आला तेव्हा मेदेरही घरी नव्हता. चार घोडे खिंडीपलीकडे गेले होते, त्यांच्या मागावर तो सोमवारी निघाला. दोन दिवसांत येतो म्हणाला होता. खिंडीत बुधवारी बर्फ पडल्याचं पांढरं घरातून दिसत होतं.

"मी जाते टेकडीवर," सोनुन म्हणाली. "पळत गेले तर तासाभरात पोचेन."

"तू? आणि पोचणार?"

"सरळ तर आहे. ओढ्याकाठी सागिनचं घर, तिथून डावीकडे वळलं की टेकडी समोर."

 बात्मानं स्वतः जावं तर घोड्या कोण पिळणार, आणि खरं सांगायचं तर तिला त्या फोनची भीती वाटायची. मग तिनं सोनुनच्या खिशात मूठभर सुकवलेल्या दह्याच्या गोळ्या कोंबल्या. "जा. पण जे काही कळेल ते चालत घेऊन ये."

सोनुन निघाली तेव्हा ऊन होतं. अंगात पातळ लाल जाकीट, खिशात फोन. गवत ओलं, पाय हलके, पण मन कुठे जागेवर होतं? ती पळत होती आणि परांचीचे मजले मोजत होती. फोन लागला तर? आणि दुसऱ्याच कोणी उचलला तर? या विचारात तिनं वर बघितलंच नाही. डोंगराच्या खांद्यावरून ढग उतरत होता. त्यानं आधी वरचे दगड गिळले, मग उतार, आणि ती ओढ्यापाशी पोचली तेव्हा तिला स्वतःचे बूट आणि त्यापुढचं दहा पावलं गवत, इतकंच दिसत होतं.

सागिनचं घर नव्हतं.

ती ओढ्याच्या काठानं वर गेली, खाली गेली. घर नाही, धूर नाही, कुत्रं नाही. मग तिचा पाय एका मोठ्या पिवळ्या वर्तुळात पडला. गवत दबून फिकट झालेलं, मधोमध राख. तिनं राखेवर हात धरला, ऊब होती. सागिननं त्याच सकाळी लोकरीच्या नमद्याचं, तंबूसारखं घर उतरवून, घोड्यांवर लादून, वरच्या कुरणाकडे मुक्काम हलवला होता. मुक्काम त्या दिवसांत हलतात, हे कुरणातल्या पाच वर्षांच्या पोराला कळतं. पण सोनुन शहरातली. घराची खूण धरून ती निघाली होती, कारण तिच्या मते घर काही कुठे जात नाही.

तरीही तिनं हिशेब केला: वर्तुळ म्हणजेच घर, तिथून डावीकडे. पण वर्तुळाला दार नसतं, आणि दार नसलं तर डावं कुठलं? तिनं अंदाज बांधला आणि पळाली. वीस मिनिटांत टेकडी लागायला हवी होती. चाळीस मिनिटं झाली तरी चढ येईना. फोन काढला, नकाशा उघडला तर नुसता करडा चौकोन आणि मध्ये एक निळा ठिपका. ठिपका म्हणजे आपण. तेवढं तिला आधीच माहीत होतं.

पोटात ते गार सांडलं.

शहरात चुकलं तर कोणी ना कोणी असतं, कुऱ्हाड घेऊन का होईना दार उघडतं. इथे हाक मारली तर ती तोंडासमोरच विरत होती. तिनं मेदेरचं नाव घेऊन हाक मारली, मग नुसतंच "कोणी आहे का?" घाम अंगावर गार पडायला लागला, बोटं बधिर झाली. आणि ह्या भीतीच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती, जिची तिला स्वतःचीच लाज वाटली: टेकडी सापडत नाही हे एका परीनं बरंच आहे. जोवर सापडत नाही तोवर कुबात जिवंत आहे.

तेवढ्यात कुत्री आली. भुंकली नाहीत, हे वाईट. धुक्यातून आधी एक, मग दुसरं. कान कापलेली, मेंढपाळांची, लांडग्याला भिडणारी जात. सोनुनचे पाय पळायला सुटलेच होते. तिनं ते मोठ्या कष्टानं आवरले आणि होती तिथे मटकन खाली बसली, गुडघे पोटाशी, मान खाली. पळणाऱ्याला ही कुत्री फाडतात, बसलेल्याला सहसा नाही. हे 'सहसा' तिला त्या क्षणी फार आठवलं. एकाचा श्वास मानेवर लागला, गरम आणि मांसाच्या वासाचा. दुसरं समोर उभं राहून घशातल्या घशात गुरगुरत होतं. ती किती वेळ बसली कोण जाणे. पायाखालचं पाणी चड्डीतून आत झिरपलं, दात वाजायला लागले, आणि ते वाजणं कुत्र्यांना ऐकू जाईल म्हणून तिनं जाकिटाची बाही चावून धरली. "आई गं, आई गं," एवढंच ती मनात म्हणत होती, आणि आई जाऊन तर बारा वर्षं झाली होती.

कुत्री जशी आली तशी गेली. बहुधा सागिनच्याच काफिल्याची असावीत, मागे राहिलेली. तिनं त्यांच्या मागे हाका मारल्या, पण कोणी ओ दिली नाही.

मग तिनं एक शहाणपणा केला: पळायचं सोडलं. पाण्याचा आवाज ऐकत ओढा शोधला आणि त्याचा हात धरल्यासारखी खाली चालत राहिली. ओढा नदीला मिळाला. घर नदीच्या वरच्या अंगाला आहे एवढं तिला ठाऊक होतं, म्हणून काठानं ती वर वळली. दुपार उलटली होती. खिशातल्या गोळ्या संपल्या होत्या, डाव्या पायाचा घोटा सुजला होता. आणि एका वळणावर ढग मधोमध फाटला.

समोर, उतारावर, घर. नमद्याचं गोल घर, छतातून सरळ वर जाणारा धूर, दोरीला बांधलेली शिंगरं. त्यांचं घर.

चालायचं हे तिच्या डोक्यात होतं की नव्हतं, ते तिला नंतरही सांगता आलं नाही. चार तासांची भीती एकदम पायांत उतरली आणि ती सुटली. सुजलेला घोटा घेऊन, केस तोंडावर, हुंदके देत, सगळ्या ताकदीनिशी ती घराच्या दारावर धावून गेली.

बात्मा बाहेर आली. तिनं बघितलं, फोनच्या टेकडीकडे गेलेली सून धावत येते आहे. तिचा हात डोक्यावरच्या पांढऱ्या रुमालाकडे गेला आणि तिनं तो ओढून काढला, मयताच्या घरची बाई काढते तसा. विरळ पिकले केस वाऱ्यावर उडाले. सोनुननं सासूचं उघडं डोकं कधी पाहिलं नव्हतं. तेव्हा तिला कळलं आपण काय केलंय ते. तिनं हात हलवले, पण छातीत दम नव्हता, तोंडातून शब्द फुटेना. ती दारापाशी गुडघ्यांवर पडली आणि नुसती धापा टाकत राहिली.

"कोण?" बात्मानं तिचे दोन्ही खांदे धरले. "कोण गेला? बोल! मेदेर नाही ना? मेदेर खिंडीत नाही ना गेला?"

सोनुननं मान हलवली. म्हातारीनं त्याचा काय अर्थ घेतला देव जाणे.

"कुबात आहे ना? कुबातच असेल. असू दे… देवा, न्यायचाच असला तर कुबातला ने, धाकट्याला नको रे, धाकट्याला नको…"

"कोणी नाही!" सोनुनला एकदाचा आवाज सापडला. "कोणी नाही, आपा. मी वाट चुकले. टेकडी सापडलीच नाही. मला काही माहीत नाही."

शिंगरं खूर आपटत होती. बात्मानं तिच्या एक थोबाडीत मारली, फार जोरात नाही. मग तिच्याशेजारी जमिनीवर बसली.

सोनुनला थोबाडीत लागली नाही. ते वाक्य लागलं. माझा नवरा हिला नको? गेली नऊ वर्षं जो परदेशात उन्हातान्हात भिंती लिंपून हिचं घर चालवतो, त्याला ने, म्हणाली? तिला इतका राग आला की थंडीही पळाली. मग तिनं सासूच्या तोंडाकडे बघितलं आणि राग घशातच राहिला. म्हातारी स्वतःच्या ओठांवर हात दाबून बसली होती, जणू निघून गेलेले शब्द अजून आत ढकलता येतील.

"मी काय बोलले गं?" ती हलक्या आवाजात म्हणाली. "तू ऐकलंस?"

"नाही. कानात वारा भरला होता."

"ऐकलंस." बात्मानं रुमाल उचलला, तिला तो बांधता येईना, सोनुननं बांधून दिला. "मेदेर रोज डोळ्यांसमोर असतो गं. बायको त्याची अवघडलेली… मला दुसरं काही सुचलंच नाही. आणि मी मोठ्यानं बोलले. उघड्या डोक्यानं, उघड्यावर बोलले. आता ते खरं झालं तर?"

सोनुनलाही अगदी तेच वाटलं होतं.

"ऊठ," बात्मा म्हणाली. "आत्ताच्या आत्ता टेकडीवर चल."

"घोड्यांचं दूध?"

"फुटू देत सड. ऊठ."

दावणीला म्हातारा तपकिरी घोडा होता. दोन वर्षं खोगिराला न शिवलेली बात्मा गुडघ्यावर हात दाबत, शिव्या देत त्यावर चढली आणि हात खाली केला. सोनुन चढली. मांड्या थरथरल्या की नाही हे बघायला तिला फुरसत नव्हती. ढग मागे सरकला होता; सगळी वाट नीट दिसत होती, आणि सकाळी ती टेकडीच्या पायथ्याजवळून दोनदा गेली होती हेही.

वर वारा होता. फोनवर दोन रेघा उमटल्या. सोनुननं नंबर लावला. घंटा वाजली, निदान वाजली तरी. एक, दोन, तीन. बात्मानं तिच्या जाकिटाचं टोक मुठीत धरलं होतं. पाच. सहा. मग कोणीतरी उचलला आणि खोकला.

"कुबात?"

"अगं कुठे होतीस? सकाळपासून लावतोय! माझा फोन मेला, गिलाव्याच्या घमेल्यात पडला. आम्हाला शहराबाहेर लांब कामावर नेलं होतं, तिथे दुकान नाही, काही नाही. काल रात्री परत आलो आणि… रडतेस काय गं? हरवली होतीस ना परत?"

सोनुन रडत होती, हसत होती, त्याला वाट्टेल ते बोलत होती. मग बात्मानं फोन मागितला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला.

"बाळा, कुबात."

"बोल ना आपा."

"आज मी तुला देऊन टाकलं होतं रे."

पलीकडे तो हसला. "कोणाला? आणि बदल्यात काय घेतलंस? निदान एखादी दुभती घोडी तरी?"

"तुझा भाऊ."

हसणं थांबलं.  बात्मानं अडखळत सगळं सांगितलं, एक शब्द गाळला नाही: सून कशी धावत आली, आपण काय ओरडलो, मेदेर खिंडीपलीकडून अजून आलेला नाही. सोनुन खाली मान घालून घोड्याचा लगाम गुंडाळत होती आणि सोडत होती.

कुबात म्हणाला, "येईल तो. बर्फ पडलं की तो गुहेत थांबतो, मीच त्याला शिकवलंय. आला की मला फोन करायला सांग." मग म्हणाला, "आणि आपा, हे त्याला सांगू नकोस. त्याला उगाच जन्मभर ओझं होईल."

बात्मानं मान हलवली. पुन्हा पुन्हा हलवत राहिली, डोळे मिटून, तोंडातून आवाज न काढता.

"आपा? ऐकतेस ना?"

सोनुननं तिच्या हातातून फोन घेतला.

"हो म्हणतायत त्या," ती म्हणाली.